पश्चिमेकडचे तीन अंश

"बाई, हा पाइप घेऊन गाडीत चढता येणार नाही. टेम्पो बघा."

खोपट डेपोत मुरबाड गाडीच्या दारात कंडक्टरने मला असं सुनावलं, तेव्हा माझ्या खांद्यावर माझ्याहून वीतभर उंच, गोणपाटात गुंडाळलेली अँटेना होती आणि नाकाच्या शेंड्यावर राग होता. पाइप म्हणे! महिनाभर खपून मी ती दुरुस्त केली होती. कारखान्याचा टेम्पो ऐनवेळी गॅरेजला गेला, म्हणून तिला एसटीने न्यायची वेळ आली होती, नाहीतर ती अशी कुणाच्या तोंडी लागली नसती.

"तो पाइप नाहीये," मागून कुणीतरी म्हणालं. "अँटेना आहे. एक टोक मी धरतो ना. मागच्या सीटवर आडवी मांडीवर घेऊन बसू. कुणाला लागणार नाही."

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, रिमझिम पावसात एक बाही भिजलेली. त्याने आधी अँटेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हा क्रम मला आवडला, खोटं कशाला बोलू!

कंडक्टर पुटपुटत बाजूला झाला. आम्ही वरात नेल्यासारखी अँटेना आत नेली आणि सगळ्यात मागच्या लांब सीटवर, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, असे बसलो.

"एक हाफ, मुरबाड," मी म्हणाले.

"एक फुल, मुरबाड. दोन्ही मीच काढतो की," तो म्हणाला.

"माझं मी काढते."

"बरं…" हे 'बरं' त्याने असं लांबवलं, जणू पुढे काहीतरी मोठं बोलणार आहे. पण पुढे काहीच नाही. नुसतं हसू.

गाडी कळव्याच्या पुलावर आली. खिडकीतून तुषार येत होते. मी ओढणी सोडून अँटेनावर टाकली. त्याने ते पाहिलं.

"तुम्ही भिजलात तर चालेल?"

"मी वाळते. हिच्या आत पाणी गेलं तर परत उघडायला लागेल."

"कुठे बसवणार हिला?"

बस्स, एवढंच विचारायचा अवकाश होता. माझ्या कामाबद्दल मला कुणी विचारत नाही. डोंबिवलीला आमच्या इमारतीत मी 'रेडिओ रिपेअर करणारी मंदाकिनी' आहे. शेजारच्या काकूंनी एकदा मला जुना ट्रान्झिस्टर आणून दिला होता. त्यामुळे मी सुरू झाले ती थांबेचना. सांगितलं, की मी मंदाकिनी, वागळे इस्टेटमधल्या नऊ माणसांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मुरबाडच्या अलीकडे माळावर विमानांना वाट दाखवणारं एक जुनं बीकन आहे. ते उघडून, नवे भाग घालून उभं करायचं काम आमच्याकडे आलंय आणि आमच्या सरांनी ते सगळंच्या सगळं माझ्यावर सोपवलंय.

"पण काय हो," तो म्हणाला, "आता तर सगळं सॅटेलाइटवर चालतं ना? मग ही म्हातारी बीकनं कशाला सांभाळायची?"

"म्हातारी?" मी अँटेनावरचा हात काढला. "मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला कधी चुकीचा दिसला नाही?"

"काल रिक्षावाल्याला मी खाडीत उभा दिसत होतो."

"झालं तर! सॅटेलाइट वीस हजार किलोमीटरवर. तिथून येणारा सिग्नल इतका नाजूक, की खाली बसून कुणी मुद्दाम गोंधळ घातला तर विमानाला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. कधी कधी चक्क खोटी जागा दिसते, आणि तीही अगदी ठामपणे. आमचं बीकन जमिनीवर असतं. जागा सोडत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतं, तू माझ्या अमुक दिशेला आहेस. आणि ही बया अंतर सांगते. दिशा कळली, अंतर कळलं… वैमानिकाला आणखी काय हवं?"

"चहा," तो गंभीरपणे म्हणाला.

मी हसले नाही. म्हणजे, खिडकीकडे तोंड करून हसले.

कल्याणला गर्दी चढली. अँटेना तिरकी उभी करावी लागली, आणि आम्हाला सरकून शेजारी शेजारी बसावं लागलं. आता ती आमच्या दोघांच्या मधे होती. त्याचा हात वर, माझा खाली. त्याच्या बाहीला पावसाचा वास येत होता. माझ्या बोलण्याचा वेग उगाचच वाढला.

"सगळी बीकनं ठेवणार नाहीयेत," मी म्हणाले. "थोडी राखीव म्हणून ठेवणार, बाकीची बंद. आमचं कुठल्या यादीत जाणार ते दसऱ्यानंतरच्या सोमवारी ठरेल. तपासणीचं विमान येतं. डोक्यावर गोल फिरून कुठल्या दिशेला किती अंश चूक आहे ते मोजतं. दोन अंशांच्या आत असलं तर पास. नाहीतर… त्या माळावर कुंपण उरेल नुसतं."

गोणपाटावरचा त्याचा हात थांबला.

"दसऱ्यानंतरच्या सोमवारी?"

"हो. का?"

"काही नाही." त्याने गोणपाटाची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाला, "पास होईल असं वाटतं?"

"मी केलंय. होणारच."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला पुढचा थांबा कुठला तेच आठवेना.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं.

"आज नको."

"का? पोलीस मागावर आहेत?"

"तसंच समजा. महिन्याभराने विचारा, सांगीन."

"आमच्यात एक नियम आहे," मी नाक उडवून म्हणाले. "बीकन सारखं आपलं नाव सांगत असतं. तीन अक्षरं, मोर्समध्ये, लांब-आखूड सुरांत. दुरुस्ती चालू असली, की आम्ही ते नाव बंद करतो. सिग्नल येतो, नाव येत नाही. वैमानिकाने काय समजायचं? याच्यावर विसंबू नका."

"मग माझ्यावर विसंबू नका," तो म्हणाला. "दुरुस्ती चालू आहे."

माळाच्या फाट्यावर त्याने अँटेना उतरवून दिली. माझी ओढणी झटकून, घडी घालून हातात ठेवली. गाडी सुटली. मुरबाडला मावशी आहे असं तो बोलता बोलता म्हणाला होता, एवढीच त्याच्याबद्दलची माहिती माझ्याकडे होती, आणि मुरबाडला मावश्या काय कमी असतात?

*

बीकन पाहिलंय कधी? माळावर गोल लोखंडी मांडव, त्यावर कडेने अठ्ठेचाळीस पांढरी झाकणं, पंगतीत उपडी घातलेल्या पातेल्यांसारखी. त्या प्रत्येकाच्या आत एक अँटेना. अठ्ठेचाळीसही मी स्वतः उघडल्या होत्या, पुसल्या होत्या, जोडल्या होत्या. पावसाळ्याचे चार महिने मी आणि तिथला राखणदार सहदेवकाका, दोघंच तिथे. आमचे श्रीपाद सर आठवड्यातून एकदा येऊन चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "छान. चालू दे." तीस वर्षं त्यांनी अशीच यंत्रं जपली होती. या माळावरचं पहिलं काम त्यांनी तरुणपणी केलेलं. ते बंद पडलं असतं तर ते काही बोलले नसते, आणि तेच मला सहन झालं नसतं.

खंडेनवमीला आम्ही बीकनची पूजा केली. कारखान्यात लेथला होते, तशी इथेही व्हायला नको का? सर पेढे घेऊन आले. मी झेंडूचे हार सगळ्या मांडवाला फिरवून बांधायला घेतले. माळावर वारा असला, की ओढणी सांभाळावी का हार, असं होऊन जातं. पश्चिमेच्या बाजूला पोचेपर्यंत सुतळी संपली.

"ताई, सुतली सरली," सहदेवकाका म्हणाले. "बांधायची तार हाय कुंपनाची. तिनंच आवलू काय? मग नाय उडायचं."

त्या अँटेनांच्या आसपास तार असता कामा नये, हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. पण समोर पिवळाधमक मांडव होता, सर खूश होते, आणि तपासणी सोमवारी होती. पूजलेली हत्यारं दसऱ्याच्या दिवशी हलवत नाहीत. शुक्रवारी सगळं उतरवून टाकू.

"बांधा," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता सरांचा फोन. "अगं मंदाकिनी, विमान आजच येतंय. सोमवारी ढग आहेत म्हणे. दहा वाजता!"

मी रिक्षातूनच सहदेवकाकांना फोन केला, हार काढून ठेवा म्हणून. पोचले तेव्हा मांडव पांढराशुभ्र दिसत होता आणि फुलांचा ढीग कोपऱ्यात. "काढलं सगळं?" मी धावत धावत विचारलं. "काढली बगा फुलां," ते म्हणाले. मी खोलीत शिरले, तिथे सर आधीच येऊन बसले होते; नियमाप्रमाणे बीकनचं नाव बंद आहे ना ते पाहिलं आणि रेडिओ हातात घेतला. मांडवाला एक फेरी मारायला हवी होती. मारली नाही.

दहाला पाच कमी असताना ढगांच्या पोटाखालून छोटं पांढरं विमान आलं.

"ग्राउंड, कॅलिब्रेशन," रेडिओ म्हणाला. तिथे सगळं इंग्रजीत, कुणी कुणाचं नाव घेत नाही. खाली मी 'ग्राउंड', वर मोजणारा इंजिनिअर 'कॅलिब्रेशन'. "पहिली फेरी सुरू करतोय."

"कॅलिब्रेशन, ग्राउंड. तयार."

"बरं…"

माझ्या हातातला रेडिओ निसटता निसटता राहिला. तेच. इंग्रजीच्या मधेच हे मराठी 'बरं', तसंच लांबवलेलं, आणि पुढे काही नाही. म्हणजे हा बसमध्ये माझ्या अँटेनाचं टोक धरून बसला होता, आणि सगळं माहीत असून मला विचारत होता, म्हातारी बीकनं कशाला? एक मिनिट मला इतका संताप आला, की काय सांगू. आणि दुसऱ्या मिनिटाला कळलं, की त्याने नाव का सांगितलं नव्हतं. ज्याचं काम तपासायचं त्याच्याशी ओळख वाढवायची नसते.

विमान गोल फिरत होतं. तो आकडे सांगत होता आणि मी लिहून घेत होते. उत्तर, अर्धा अंश. पूर्व, पाव. दक्षिण, पाऊण. सरांनी पेढ्यांचा डबा हळूच जवळ ओढला.

"पश्चिम," तो म्हणाला, आणि थांबला. "पश्चिम, तीन पूर्णांक एक. मर्यादेबाहेर."

"पुन्हा बघाल?"

"दोनदा पाहिलं, ग्राउंड. आकडा तोच आहे." आवाजात ना दया, ना ओळख. "माझ्याकडे आणखी एका फेरीपुरता वेळ आहे. वीस मिनिटं."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. त्याच्यावर, आकड्यावर, त्या ढगांवर. चार महिने! सर शांतपणे म्हणाले, "सगळी मांडणी थोडी फिरवून बघ. पूर्वेची चूक वाढेल, पश्चिमेची कमी होईल. सगळंच दोनच्या आत बसेल कदाचित."

बसलं असतं. पास झालो असतो. आणि प्रत्येक विमानाला थोडं थोडं खोटं सांगत राहिलो असतो. "नको सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

ढग जरा फाटले होते. ऊन मांडवाच्या पश्चिम कडेवर पडलं आणि तिथे काहीतरी चमकलं.

तार. फुलं गेली होती, तार तशीच होती. अकरा अँटेनांना वेटोळे घालून, माझ्या डोळ्यांदेखत बांधलेली. मी पक्कड घेऊन धावले. सहदेवकाका मागे. तोडली, ओढली, तळहात फाटला, तेही नंतर कळलं. पाच मिनिटांत पश्चिम मोकळी झाली.

खोलीत आले तर सर म्हणाले, "झालं ना? मग फक्त 'दुरुस्ती केली' एवढंच सांग. कारण सांगायची गरज नाही. हे सगळं टेप होतं, अहवालात जातं. तुझ्या नावाने कायमचं राहील."

मी रेडिओ उचलला.

"कॅलिब्रेशन, ग्राउंड. पश्चिमेला पूजेच्या हाराची धातूची तार राहिली होती. बांधायला मी परवानगी दिली, आणि सकाळी मी तपासलं नाही. चूक माझी. तार काढली आहे. बाकी काहीही बदललेलं नाही."

वर शांतता. इतका वेळ शांतता, की मला वाटलं रेडिओ गेला.

"ऐकलं, ग्राउंड," तो म्हणाला. "पश्चिमेकडे येतोय."

विमान माळावरून गेलं. गवत हललं. सहदेवकाकांनी हात जोडले होते, बहुधा विमानालाच.

"पश्चिम, शून्य पूर्णांक चार."

सरांनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसला.

"सगळं मर्यादेत. ग्राउंड, नाव लावा."

मी बटण दाबलं. चार महिन्यांच्या दुरुस्तीनंतर माझं बीकन माळावरून आपलं नाव सांगू लागलं. लांब, आखूड, लांब… पुन्हा पुन्हा, न चुकता. माझी मान इतकी ताठ झाली, की दोन दिवस दुखत होती.

"नाव ऐकू येतंय," वरून आवाज आला. "अगदी स्पष्ट."

आणि ते ढगात निघून गेलं.

*

बीकन राखीव यादीत आल्याचं पत्र तीन आठवड्यांनी कारखान्यात आलं. सरांनी ते काचेखाली ठेवलं. मी दर शनिवारी मुरबाडची गाडी पकडत होते, बीकनची पाहणी करायला. गाडीतल्या त्या भेटीला महिना होऊन एक दिवस झाला. मी मोजत नव्हते, सहज लक्षात होतं.

खोपट डेपोत मागच्या सीटवर तो आधीच बसला होता. शेजारी रुमाल टाकून जागा धरलेली.

मी उभीच राहिले. "म्हातारी बीकनं, काय?"

"तुम्ही रागावलात की छान समजावता," तो म्हणाला. "आणि मी खरंच मावशीकडे चाललेलो. ठाण्याला घर आहे, सुट्टीवर आलेलो. तुम्ही सोमवारची तपासणी म्हणालात तेव्हा कळलं, की ती मीच करणार. मग काय करू, तोंड उघडलं असतं तर ड्युटीच बदलून घ्यावी लागली असती."

"मग घ्यायची होती."

"नव्हती घ्यायची. मला बघायचं होतं, 'मी केलंय, होणारच' म्हणणारीचं काम कसं असतं."

"बघितलंत ना? तीन पूर्णांक एक."

तो हसला नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, "सात वर्षं मी वरून चुका मोजतोय. लोक म्हणतात, तुमचं मशीन चुकलं. हवा चुकली. आमच्या आधीचा माणूस चुकला. 'चूक माझी' हे मी रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं. मला दोन मिनिटं बोलताच आलं नाही. पायलटने विचारलं पण, काय रे, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, नाही."

मी बसले. रुमाल कुठे गेला कुणास ठाऊक.

"आणखी एक सांगू?" तो म्हणाला. "परवा दुपारी एका विमानाला सॅटेलाइटने सांगितलं, तू समुद्रावर आहेस. ते होतं माळशेजच्या डोंगरांवर, खाली ढग. पायलटने तुमचं बीकन लावलं. नाव ऐकलं, दिशा घेतली, अंतर घेतलं, सरळ येऊन उतरला. एकशे ऐंशी माणसं. रिपोर्ट माझ्या टेबलावर आलाय."

त्या एकशे ऐंशींतल्या कुणालाही मंदाकिनी माहीत नव्हती. घरी जाऊन त्यांनी जेवण केलं असेल, टीव्ही लावला असेल. मला इतका अभिमान वाटला, की तो लपवायचा कसा ते कळेना, म्हणून मी लपवलाच नाही. खुशाल डोळे पुसले. त्याने माझा तळहात पाहिला. तारेचा व्रण अजून होता. त्यावर त्याने एक बोट टेकवलं.

"महिना झाला," तो म्हणाला. "तपासणीच्या रिपोर्टवर सही झाली. विचारा आता."

"काय?"

"नाव."

"सांगा."

त्याने समोरच्या सीटच्या दांड्यावर टिचकी मारली. लांब, आखूड, लांब. थांबला. एकच आखूड. मग लांब आणि दोन आखूड… आखूड, लांब… आखूड, लांब, आखूड. प्रत्येक अक्षराला माझ्याकडे बघत, बरोबर पोचतंय ना याची खात्री करत. माझ्या अँटेनाचं टोक त्याने धरलं होतं, अगदी तेवढ्याच जपून.

"केदार," मी म्हणाले.

"दुरुस्ती संपली," तो म्हणाला. "आता विसंबलीस तरी चालेल. मला तू आवडतेस, मंदाकिनी. त्या दिवशी ओढणी अँटेनावर टाकलीस ना, तेव्हापासून."

गाडी सुरू झाली. मी काही बोलणार, एवढ्यात कंडक्टर येऊन उभा राहिला. तोच तो. त्याने आमच्या मधे वाकून पाहिलं.

"काय बाई, आज पाइप नाही?"

"अँटेना," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

केदारचा हात खिशाकडे गेला. मी तो धरला, आणि धरूनच ठेवला. दुसऱ्या हाताने पर्स उघडली.

"एक फुल, एक हाफ," मी कंडक्टरला म्हणाले. "मुरबाड. दोन्ही मीच काढते."